सोनखत

शब्बाथ शाळेत पाच भाकरी व दोन मासळ्यांचा धडा चालला होता. बाईंनी कथा बारा टोपल्यांपर्यंत आणून पोहोचवली, आणि काही वाया जाऊ नये म्हणून प्रभूने उरलेले तुकडे गोळा करायला लावले, हे मुलांच्या मनावर चांगले ठसवले. तेवढ्यात तिसरीतल्या एका मुलीने हात वर केला. "बाई, उरलेलं टोपल्यांत गेलं. मग जे खाल्लं ते कुठं गेलं?" मुले खो खो हसली. बाईंनी तिला खाली बसवले. मागच्या बाकावर बसलेले आम्हीही हसलो.

घरी येताना मात्र तो प्रश्न आमच्याबरोबर आला. त्यात हसण्यासारखे काय होते? प्रभू येशूला स्वतःला हा विषय वर्ज्य नव्हता. मार्काच्या सातव्या अध्यायात हात न धुता जेवण्यावरून वाद झाला, तेव्हा माणसाच्या पोटात गेलेले अन्न शेवटी शौचकूपात पडते, त्याने कोणी विटाळत नाही, असे त्याने आडपडदा न ठेवता सांगितले. लूकच्या तेराव्या अध्यायातला माळी वांझ अंजिरासाठी एक वर्षाची मुदत मागून घेतो. त्या वर्षात तो करणार काय, तर आळे खणणार आणि खत घालणार. या दाखल्यावर धन्याच्या सहनशीलतेविषयी अनेक उपदेश आम्ही ऐकले आहेत. खताविषयी एकही ऐकल्याचे आठवत नाही.

आपल्या भाषेला या बाबतीत आपल्यापेक्षा अधिक समज होती असे दिसते. माणसाच्या मैल्यापासून केलेल्या खताला मराठीत सोनखत म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या मुठा कालव्यावरचे ऊस लावणारे शेतकरी ते नगरपालिकेकडून पैसे मोजून घेत. हे नाव ठेवणाराने थट्टा केली नव्हती. त्या खतात जे सोने आहे त्यातला मोठा वाटा शेतकरी ज्याला स्फुरद म्हणतो त्याचा आहे. नत्र, स्फुरद, पालाश या तिघांतले ते मधले. शास्त्रीय नाव फॉस्फरस.

मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे ७०० ग्रॅम स्फुरद असते. त्यातले बहुतेक हाडांत व दातांत, आणि बाकीचे प्रत्येक पेशीत. आईबापांचा वारसा लेकरांपर्यंत पोहोचवणाऱ्या धाग्याची वीण त्याने बांधलेली आहे; हात उचलायला लागणारी शक्तीही त्याच्याच द्वारे खर्ची पडते. त्याच्या जागी दुसरे काही चालत नाही. नत्र हवेतून ओढून घेता येते. स्फुरद हवेत नाही. ते खडकात आहे, मातीत आहे, आणि जिवंत वस्तूंत आहे. आपण ते अन्नातून घेतो आणि दररोज जवळजवळ तितकेच, म्हणजे सुमारे दीड ग्रॅम, परत टाकतो, त्यातलेही अधिक लघवीवाटे. शब्बाथ शाळेच्या मोठ्या मुलांनी हा हिशेब फळ्यावर करून पाहावा. माणशी वर्षाला अर्धा किलो. दोनशे माणसांच्या मंडळीचे शंभर किलो. बाजारात जे डीएपी खत मिळते त्याच्या पन्नास किलोंच्या एका पोत्यात निव्वळ स्फुरद दहा किलो असते. म्हणजे आपली एक मध्यम मंडळी वर्षाला दहा पोती डीएपीचे स्फुरद गटारात सोडते आणि दर जेवणाआधी डोळे मिटून अन्नासाठी आभार मानते.

या द्रव्याची कथा जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात सुरू होऊन पुन्हा तिथेच येऊन पोहोचली आहे, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

१६६९ साली तिथे हेनिग ब्रांड नावाचा किमयागार होता. लघवीचा रंग पिवळा, तेव्हा तिच्यात सोने असलेच पाहिजे, अशा समजुतीने त्याने पिंपेच्या पिंपे लघवी साठवली, सडवली, आटवली आणि उरलेला चोथा भट्टीत तापवला. सोने मिळाले नाही. भांड्यात एक मेणासारखा पांढरा पदार्थ जमला, आणि तो अंधारात आपोआप प्रकाशत होता. त्याला ग्रीक भाषेतून नाव मिळाले: प्रकाश वाहून आणणारा. पेत्राच्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्या अध्यायात अंतःकरणात उगवणाऱ्या पहाटेच्या ताऱ्याविषयी आपण वाचतो. तिथे मूळ ग्रीकात जो शब्द आहे तोच हा. गंमत अशी की लघवी आटवताना जे मीठ खाली बसे ते ब्रांड निरुपयोगी म्हणून फेकून देत असे, आणि स्फुरदाचा मोठा भाग त्या मिठातच होता. शोधायला बसलेला माणूसही अर्ध्याहून अधिक उकिरड्यावर टाकत होता.

पुढे १८४२ साली हॅम्बुर्गला मोठी आग लागून सेंट निकोलस हे पुरातन उपासनामंदिर जळाले. नव्या मंदिराचा पाया खणताना १८४५ मध्ये जुन्या शेणखताच्या थरात लहान लहान स्फटिक सापडले. उलेक्स नावाच्या रसायनज्ञाने ते तपासले. मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट मिळून झालेले ते खनिज होते. हॅम्बुर्गात राहणाऱ्या स्ट्रुव्ह या गृहस्थांवरून त्याला स्ट्रुव्हाइट म्हणू लागले. (त्या मंदिराचा नकाशा काढणारे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट हेच मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरचे शिल्पकार. मुंबईला जाणाऱ्या वाचकांनी तो टॉवर पाहताना आठवण ठेवावी.) मंदिराच्या पायाखाली शेण, आणि शेणात स्फटिक! एखाद्या उपदेशकाने उदाहरण म्हणून रचले असते तर आपण म्हटले असते, जरा अतीच झाले.

याच शहरावर जुलै १९४३ च्या अखेरीस विमानांतून आग ओतली गेली. टाकलेल्या आगलाव्या बाँबांत फॉस्फरसचे बाँबही होते. तीस हजारांहून अधिक माणसे मेली. सेंट निकोलसचा उंच मनोरा वैमानिकांना खुणेला उपयोगी पडला. मोहिमेचे नाव आपल्याच पवित्र शास्त्रातून उचललेले होते: गमोरा. मंदिराचे भग्न अवशेष आज स्मारक म्हणून राखले आहेत. ब्रांडच्या मडक्यातला तो प्रकाश पावणेतीनशे वर्षांनी त्याच्याच गावावर असा परत आला. वस्तू स्वतः शुद्धही नसते आणि अशुद्धही नसते, माणूस तिचे काय करतो ते पाहावे लागते, हे आम्हांला मार्काच्या त्या अध्यायाइतकेच इथेही स्पष्ट दिसते.

आता त्याच हॅम्बुर्गात शहराच्या सांडपाण्याचा गाळ वाळवून जाळतात, आणि त्याच्या राखेतून स्फुरद परत काढण्यासाठी कारखाना उभारला आहे. राख सौम्य फॉस्फोरिक आम्लात विरघळवायची, त्यातून धातू व इतर वस्तू वेगळ्या करायच्या, म्हणजे शेवटी स्वच्छ फॉस्फोरिक आम्ल हाती येते, आणि त्यापासून खत करता येते. दुसरी एक रीत अधिक साधी आहे. गाळ पिळून निघालेल्या पाण्यात मॅग्नेशियम घातले की स्ट्रुव्हाइटचे दाणे होऊन तळाशी बसतात. हेच खनिज मैलाशुद्धीच्या कारखान्यांतल्या नळांत मुतखड्यासारखे साचून काम बंद पाडत असे, म्हणून कामगार त्याला शिव्या देत. आता तेच मुद्दाम तयार करून पोत्यांत भरतात. मात्र राखेतून जितके स्फुरद मिळते तितके या रीतीने मिळत नाही. जर्मनीने २०१७ साली नियमच केला की एक लाखाहून अधिक माणसांचे सांडपाणी घेणाऱ्या कारखान्यांनी २०२९ पासून, आणि पन्नास हजारांहून अधिकांच्या कारखान्यांनी २०३२ पासून, स्फुरद परत मिळवण्याची तजवीज करावी.

मग तो गाळ सरळ शेतात का टाकू नये, असे कोणी विचारील. आपल्या आजोबांच्या सोनखतात जंत व रोगराई होती हे विसरून चालणार नाही. आणि आजच्या शहरी गाळात त्याशिवाय जड धातू आहेत, औषधांचे अंश आहेत. जुन्या गोष्टींचे गोडवे गाऊन हा प्रश्न सुटत नाही. तसेच सोडून दिले तर काय होते हे हैदराबादच्या वाचकांनी हुसेनसागराच्या हिरव्या पाण्यात पाहिले आहे. शेतात ज्याने पीक वाढते त्यानेच तळ्यात शेवाळ माजते आणि मासे गुदमरतात. इंदूरच्या वाचकांना तर हा विषय घरचाच आहे. १९२४ नंतरच्या काही वर्षांत अल्बर्ट हॉवर्ड यांनी तिथे कंपोस्टची जी पद्धत बसवली ती जगभर इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते. तिच्यात पालापाचोळा व शेणाबरोबर गोठ्यातली मुताने भिजलेली मातीसुद्धा जपून वापरत. १९३१ साली त्यावर जे पुस्तक निघाले त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीला यशवंत वाड यांचे नाव आहे.

येथवर सारे विज्ञान झाले, आणि ते चांगलेच आहे. आमच्या मनात जी अडचण आहे ती पुढे सुरू होते. हे स्फुरद परत का मिळवायचे? उत्तर मिळते की खडक संपणारा आहे, फार थोड्या देशांपाशी आहे, आणि तो विकत घेणे महाग पडते. जगातल्या फॉस्फेट खडकाच्या ज्ञात साठ्यांपैकी सुमारे सत्तर टक्के एकट्या मोरोक्कोकडे आहेत, आणि त्यांत पश्चिम सहाराच्या वादग्रस्त मुलखातल्या खाणीही धरतात. भारतात उदयपूरजवळ झामरकोटडा येथे खाण आहे, पण आपली बहुतेक गरज बाहेरून आणलेल्या मालावर भागते. तेव्हा काटकसर करावी, हे उत्तर खोटे नाही. पण बारा टोपल्या भरायला लावणाऱ्या प्रभूला भाकरीची टंचाई नव्हती. पाच हजारांना त्याने नुकतेच पोटभर जेवू घातले होते, आणि उद्या पुन्हा घालता आले असते. टंचाई नसताना त्याने तुकडे वेचायला लावले, ही गोष्ट आम्हांला विचार करण्यासारखी वाटते. जे दिलेले आहे ते मोठ्या मोलाचे आहे, एवढ्याचसाठी ते टाकायचे नाही.

आणि ते कोणाकडून आलेले आहे, हेही पाहायला हवे. प्रशांत महासागरात बनाबा नावाचे सुमारे सहा चौरस किलोमीटरचे एक बेट आहे. १८१३ साली मुंबईत येऊन मराठी मिशन सुरू करणारे जे अमेरिकन बोर्ड, त्याच बोर्डाचे सेवक पुढे त्या समुद्रातही गेले आणि हायरम बिंगहॅम धाकटे यांनी तिथल्या गिल्बर्टी भाषेत पवित्र शास्त्राचे भाषांतर केले. म्हणजे बनाबाची ती माणसे नात्याने आपली चुलतभावंडेच म्हणायची. १९०० साली अल्बर्ट एलिस नावाचा एका कंपनीचा मनुष्य तिथे उतरला. शेजारच्या नाउरू बेटावरचा एक दगड कंपनीच्या सिडनीतल्या कचेरीत दार अडकवायला ठेवलेला होता. त्याने तो तपासला तेव्हा तो उत्तम फॉस्फेट निघाला, म्हणून हा प्रवास. बनाबावर त्याने एक कागद करून घेतला. वर्षाला पन्नास पौंड, आणि मुदत ९९९ वर्षे. त्यानंतर बेट खरवडत नेले. ती माती ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या कुरणांवर पडली, तिच्यावर गवत झाले, मेंढ्या झाल्या, लोणी झाले. १९४५ साली बनाबाच्या लोकांना दूर फिजीमधल्या राबी बेटावर नेऊन ठेवले, आणि १९७९ मध्ये खाण बंद झाली तेव्हा खणण्याजोगे फारसे उरले नव्हते. नाउरूची गत वेगळी नव्हती. त्या देशाने १९८९ साली हेगच्या न्यायालयात ऑस्ट्रेलियावर फिर्याद केली आणि १९९३ मध्ये १० कोटी ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांवर तडजोड झाली. बेटाची माती मात्र परत आली नाही. ती लोण्यातून माणसांत गेली आणि माणसांतून गटारांत.

ते लोणी आपण खाल्ले नाही, हे खरे. पण आपल्या गव्हातले स्फुरदही कोणाच्या तरी जमिनीतून उचललेले आहे, आणि ते एकदा वापरून समुद्राला मिळवण्याचा आपल्याला हक्क आहे काय? भोजनापूर्वीची प्रार्थना ही एका अर्थाने पावती आहे. पावती लिहून देणाऱ्याने माल घेतल्याचे कबूल केलेले असते. मग त्या मालाचे पुढे काय केले, असे जर तिसरीतली मुलगी विचारते, तर तिला खाली बसवता येत नाही.

याच्याहून जड गोष्ट आता लिहितो. सोनखत ज्यांनी केले त्यांना सोने मिळाले नाही. टोपलीच्या संडासातून ते डोक्यावर वाहणाऱ्या माणसांना गावाने विहिरीपासून दूर ठेवले. खत विकत घेतले जाई आणि खत आणणारा टाळला जाई. माल पवित्र आणि माणूस अपवित्र, असा हा व्यवहार पिढ्यान्पिढ्या बिनबोभाट चालला. हन्नाच्या गीतात देव दरिद्र्याला उकिरड्यावरून उठवतो असे जे म्हटले आहे ते आपल्या कित्येकांच्या आजी-आजोबांनी ऐकले तेव्हा त्यांना तो अलंकार वाटला नसेल. त्यांना उकिरड्याचा पत्ता ठाऊक होता. त्यांची नातवंडे आज आपल्या मंडळ्यांत शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, पाळक आहेत. म्हणूनच पुढचे लिहिताना हात अडखळतो.

काही वर्षांपूर्वी, नाताळ आठ दिवसांवर आला असता, आमच्या मंदिराच्या आवारातली शौचटाकी तुंबली. घाईघाईने दोन माणसे बोलावली. एक दोर धरून आत उतरला, दुसरा वरून बादली ओढू लागला. माणसाला असे उतरवणे २०१३ च्या कायद्याने बंद आहे. गटारात मेलेल्यांच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले आणि २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली, तरी माणसे उतरतात आणि मरतात. आमच्याकडचा सुखरूप वर आला, ही देवाची कृपा. आमची हुशारी नव्हे. काम संपल्यावर चहा झाला. आम्हां पंचमंडळींना स्टीलचे पेले आले. त्या दोघांना स्वयंपाकघराच्या खिडकीमागच्या फळीवर ठेवलेले, कान तुटलेले दोन कप आले. तसे करा म्हणून कोणी सांगितले नव्हते. ते कप तिथे होते आणि ते कशासाठी आहेत हे सर्वांना माहीत होते, इतकेच. जाताना त्यांतल्या थोरल्याने पाळकसाहेबांना, आपल्या मंडळ्यांत करतात तसा, सलाम केला, तेव्हा कळले की तो ख्रिस्ती आहे. आमच्यातल्या एकाला फार वाईट वाटले. तो ख्रिस्ती नसता तर वाटले असते का, असे दुसऱ्याने विचारले, आणि त्यावर कोणी काही बोलले नाही.

हॅम्बुर्गच्या कारखान्याविषयी वाचताना आम्हांला ते दोन कप आठवतात. तिथे मैल्याला हात लावावा लागत नाही. सारे यंत्रे करतात. तसे आपल्याकडेही व्हावे, लवकर व्हावे, आणि त्यात आपल्या मंडळ्यांतल्या शिकलेल्या मुलामुलींनी पुढे असावे, असे आम्हांला मनापासून वाटते. परंतु राखेतून स्वच्छ आम्ल निघाले म्हणजे फळीवरचे कप आपोआप खाली येतील, असे मात्र वाटत नाही. गाळाला भाव आला म्हणून आपण गाळाचा मान राखू लागलो, तर ते मन बाजाराने बदलले, आपण नव्हे. सोनखताच्या काळीही गाळाला भाव होताच. तेव्हा अडले ते दुसरीकडेच.

यंदा टाकी उपसायला पंपाची गाडी बोलावली. कोणी आत उतरले नाही. पंचमंडळाच्या बैठकीत ठराव वगैरे काही झाला नाही, पण पाळकबाईंनी त्या सकाळी फळी रिकामी केली आणि चहा सर्वांना एकाच तबकातून दिला. ड्रायव्हर पायरीवर बसायला निघाला होता. त्याला बाकावर बसवले. रविवारची ती मुलगी, आता चौथीत गेलेली, आईबरोबर फुले ठेवायला आली होती. ती त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"हे कुठं नेता?"

"एक केळीवाला आहे, तो घेतो," ड्रायव्हर म्हणाला. "खड्डा करून वर्षभर कुजवतो, मग घालतो. तो नाही म्हणाला तर नाल्यात."

मुलीने थोडा विचार केला. "त्याची केळी गोड लागतात?"

"लागतात की. आमच्या घरी तीच येतात."